लास वेगासच्या बोगद्यांत माणसं राहतात, मग त्यांना बाहेर का काढत नाहीत?

पायवाट (प्रश्न):

नमस्कार मंडळी,

ऑफिसच्या कामाने नुकतंच लास वेगासला जाणं झालं. एका संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून मोठ्या हॉटेलांच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे काँक्रीटचा रुंद, कोरडा नाला आहे. एक माणूस सायकल ढकलत त्या नाल्यात उतरला आणि समोरच्या चौकोनी काळ्या तोंडात शिरला. मला वाटलं लघवीला गेला असेल. पाचेक मिनिटं उभा होतो, तो बाहेर आलाच नाही. परतीच्या टॅक्सीवाल्याला विचारलं तर तो अगदी सहज म्हणाला, "राहतो तो तिथे. खाली हजारेक तरी असतील."

आधी वाटलं, टॅक्सीवाल्याने पुडी सोडली. रूमवर येऊन व्हिडिओ पाहिले तर खरंच आतमध्ये पलंग, कपाटं, आरसे!

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. हे गटार आहे का? वाळवंटात माणूस उभा राहील एवढे बोगदे बांधले कशाला? आणि मुख्य म्हणजे, पूर आला की हे लोक मरत असतील तर सरकार तोंडाला जाळ्या बसवून प्रश्न मिटवत का नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खुशालचेंडू:

सगळा नशापाण्याचा खेळ आहे हो. वर जुगार, खाली नशा. शेल्टर आहेत, फुकट जेवण आहे, पण तिथे नियम पाळावे लागतात ना! यांना ते नको असतं. चार दिवस पोलीस पाठवा, आपोआप रिकामं होईल.

---

काँक्रीटची_नदी:

मी याच खोऱ्यात राहते आणि पावसाच्या पाण्याचा निचरा हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. स्थापत्य अभियंता आहे. पावसाळ्याआधी भिंतींना भेगा पडल्यात का, सांधे सुटलेत का, गाळ किती साचलाय हे बघायला या बोगद्यांत उतरावं लागतं. प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गटार नाही. संडास-मोरीचं पाणी वेगळ्या, बंद नळांतून शुद्धीकरण केंद्राकडे जातं. हे बोगदे फक्त पावसाच्या पाण्याचे. सगळं खोरं पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरतं. पश्चिमेला स्प्रिंग माउंटन्सची रांग (चार्ल्सटन शिखर 3,600 मीटरच्या वर), पूर्वेला लास वेगास वॉश नावाचा ओढा, आणि तो ओढा लेक मीड या धरणाच्या जलाशयाला मिळतो. बोगद्यांतलं पाणी प्रक्रिया न होता तिकडे जातं. गावाला प्यायचं पाणीही बहुतांश त्याच लेक मीडमधून येतं, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

आता वाळवंटात एवढे मोठे कशाला? इथे वर्षाला सरासरी चार इंच, म्हणजे शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण त्यातला जुलै ते सप्टेंबरचा पाऊस वळवासारखा कोसळतो. जमिनीखाली कॅलिची म्हणून चुन्याने घट्ट झालेला थर आहे, त्यात पाणी मुरत नाही. वरून आपण डांबर आणि काँक्रीट ओतलंय. मग पडेल तो थेंब पळत सुटतो. 3 जुलै 1975 च्या पुरात सीझर्स पॅलेस हॉटेलच्या पार्किंगमधल्या गाड्या वाहून गेल्या होत्या. असे पूर बघूनच 1985 मध्ये पूर नियंत्रणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली आणि तेव्हापासून शेकडो मैलांचे कालवे, बॉक्स (म्हणजे हेच चौकोनी बोगदे) आणि पाणी अडवून हळूहळू सोडणारे तलाव बांधले गेले.

हे सगळं कोणत्या पावसासाठी मापलेलं असतं? कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता फक्त एक टक्का असते, अशा पावसासाठी. म्हणून बॉक्स एवढे उंच. आणि म्हणूनच वर्षातले बहुतेक दिवस ते जवळजवळ रिकामे. डोक्यावर पक्का स्लॅब, ऊन नाही, वारा नाही, शेजारी नाहीत, वॉचमन नाही. 7 जुलै 2024 ला इथे पारा 120 फॅरनहाइटला गेला, म्हणजे 48.9 सेल्सिअस. आजवरचा उच्चांक. त्या दिवशी फूटपाथवर पडून राहणाऱ्याची कातडी अक्षरशः भाजते. बोगद्यात तेव्हाही बाहेरच्या मानाने बराच गारवा असतो. हे गणित करायला नशा करावी लागत नाही.

बॉक्स पूर्ण कोरडे मात्र नसतात. लॉनला जास्त झालेलं पाणी, गाड्या धुतल्याचं पाणी, असा एक पातळ ओघळ बारा महिने मधून वाहतो. त्यात ऑइल, कीटकनाशकं, कुत्र्यांची घाण, सगळं आलं. म्हणून आतले लोक जमिनीवर काही ठेवत नाहीत.

एकांचं बिऱ्हाड मला चांगलं आठवतं. साठीच्या आसपासचे गृहस्थ. दुधाच्या क्रेटवर लाकडी पॅलेट, त्यावर गादी. कपडे आणि पिशव्या स्लॅबच्या जुन्या खिळ्यांना दोरीने टांगलेल्या. भिंतीवर खडूने आडव्या रेघा मारलेल्या, प्रत्येकीपुढे महिना लिहिलेला. पाणी कुठवर चढलं त्याची नोंद! आम्ही तेच काम सेन्सर लावून करतो. मी हेल्मेट घालून तिथे उभी, आणि तेच मला सांगत होते की खालच्या बाजूच्या जोडावर कोणी राहू नये, कारण तिथे दुसरा बॉक्स येऊन मिळतो आणि पाणी उसळतं. अगदी बरोबर. कॉलेजात हे शिकायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं. मग त्यांनी विचारलं, "रेड रॉकवर ढग आहेत का?" (रेड रॉक म्हणजे पश्चिमेकडचा डोंगराळ भाग.)

हाच या सगळ्यातला कळीचा प्रश्न आहे. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतं आणि पंधरा-वीस मैलांवर डोंगरात सर कोसळत असते. ते पाणी उताराने येतं. बॉक्स गुळगुळीत काँक्रीटचा, कुठे दगड नाही की झाड नाही, त्यामुळे वेग कमी व्हायचं नावच नाही. अमेरिकेचं हवामान खातं सांगतं की वाहतं पाणी सहा इंच असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलले जाऊ शकतात, आणि फूटभर पाण्यात छोटी गाडी वाहून जाते. आत पाणी मिनिटाला फूटभर चढू शकतं. ते गृहस्थ म्हणाले, आधी कचरा येतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या, पानं, सिगारेटची थोटकं. ते दिसलं की सामानाकडे बघायचंसुद्धा नाही, निघायचं.

आता जाळ्या. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आमच्याकडे नवीन लागलेली मुलंही. पाणी शिरतं त्या तोंडाला दाट जाळी लावली तर पहिल्या दहा मिनिटांत तिथे फांद्या, गाद्या, शॉपिंग कार्ट अडकतात. जाळी बुजते, आणि पाणी बोगद्याऐवजी रस्त्यावर, लोकांच्या घरांत जातं. बाहेर पडायच्या तोंडाला लावली तर त्याहून वाईट. आत कोणी असेल आणि वाहत आला, तर पाण्याचा सगळा दाब त्याला जाळीवर दाबून धरतो. सुटायची शक्यताच संपते. शिवाय आत शिरायला एकच तोंड असतं असं थोडंच आहे? मॅनहोल आहेत, रस्त्याच्या कडेची झरोके-तोंडं आहेत, उघडे कालवे आहेत.

खुशालचेंडू, तुमचा पोलिसांचा मुद्दा नंतर घेते. आत्ता मीटिंग आहे.

---

दिवाभीत:

काँक्रीटची_नदी, प्रतिसाद वाचून थक्क झालो. खडूच्या रेघा! _/\_

माझी थोडी भर. मी काही वर्षं रोमानियाची राजधानी बुखारेस्टला नोकरीला होतो. तिथेही हाच प्रकार, फक्त कारण नेमकं उलटं. तिथे माणसं गारव्यासाठी नाही तर उबेसाठी खाली गेली. साम्यवादी काळात अख्ख्या शहराला एकाच ठिकाणाहून गरम पाणी पुरवायची व्यवस्था होती. त्या जाडजूड पाइपांसाठी जमिनीखाली बोगदे. वर बर्फ पडत असताना खाली पाइपाला टेकून झोपता येतं.

आणि खाली गेलं कोण? मुलं. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने 1966 मध्ये हुकूम 770 काढून गर्भपात जवळपास बंद केला, गर्भनिरोधकंही मिळेनाशी झाली. लोकसंख्या वाढवायची होती म्हणे. ज्यांना पोसणं जमेना त्यांनी मुलं सरकारी अनाथाश्रमांत टाकली. 1989 च्या डिसेंबरात राजवट कोसळली, आश्रमांची अवस्था आधीच भयंकर होती, तिथून कितीतरी पोरं पळाली आणि गारा द नॉर्द या मुख्य रेल्वे स्टेशनच्या आसपास जमली. तीच पोरं तिथे मोठी झाली. अनेकांच्या हातात काळी पिशवी असायची, तिच्यात आउरोलाक. धातूवर मारायचा चंदेरी रंग हो. तो हुंगायचा. ओठांभोवती चंदेरी कडं दिसलं की समजायचं.

2015 च्या जुलैमध्ये पोलिसांनी स्टेशनजवळच्या बोगद्यावर मोठी धाड घातली, म्होरक्याला पकडलं. बोगदा रिकामा झाला खरा. पण आतली माणसं हवेत विरली नाहीत, ती इतरत्र पांगली.

मंगोलियात उलानबातरला 1990 च्या दशकात अशीच मुलं मॅनहोलमध्ये राहत होती. तिथे हिवाळ्यात उणे तीस होतं. सोव्हिएत मदत आटली, कारखाने बंद पडले, घरं मोडली आणि मुलं गरम पाइपांपाशी गेली. ज्या शहराच्या पोटात ऊब किंवा गारवा आहे, तिथे वरचा तळ सुटलेला माणूस उतरतोच, असं माझं मत झालंय.

---

पायवाट:

दोघांनाही मनापासून धन्यवाद. जाळीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पण एक शंका राहतेच. पूर यायच्या आधी यांना कळवता येत नाही का? फोन तर असतील ना? आणि वरच्या कॅसिनोंना माहीतच नाही की काय खाली कोण राहतं?

---

काँक्रीटची_नदी:

फोन बहुतेकांकडे असतात. अचानक पुराचा इशारा निघाला की या भागातल्या सगळ्या मोबाइलवर भोंगा वाजतो. पण काँक्रीटचा बॉक्स, वर माती, वर रस्ता. तोंडापासून थोडं आत गेलं की रेंज जाते. म्हणजे तोंडाजवळ राहणाऱ्याला इशारा मिळतो, आत राहणाऱ्याला मिळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, आता खुशालचेंडूंच्या पोलिसांकडे येते.

लास वेगास शहराने 2019 च्या नोव्हेंबरात ठराव केला की शेल्टरमध्ये जागा असताना डाउनटाउनच्या रस्त्यावर झोपणं हा गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार डॉलरपर्यंत दंड. ज्याच्याकडे एका रात्रीच्या खोलीचे पैसे नाहीत त्याला हजार डॉलर! पुढे 28 जून 2024 ला ग्रँट्स पास या ओरेगनमधल्या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की अशी बंदी घटनेला धरून आहे, पर्यायी जागा असो वा नसो. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लार्क काउंटीनेही (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) बंदी केली. काउंटीचा निर्णय महत्त्वाचा, कारण पर्यटकांना माहीत असलेली ती हॉटेल-कॅसिनोंची झगमगती स्ट्रिप मुळात लास वेगास शहरात मोडतच नाही, ती काउंटीच्या हद्दीत आहे.

मग वर झोपणं गुन्हा झाला की माणूस काय करतो? खाली जातो. खालच्या तोंडाजवळ पोलीस यायला लागले की? आणखी आत जातो. जिथे बॅटरीचा उजेड पोहोचत नाही आणि मोबाइलची रेंजही. बाहेर धावत यायला लागणारा वेळ दुप्पट होतो. मी पाण्याच्या बाजूने विचार करणारी बाई आहे, राजकारण मला कळत नाही. पण पुढे खोली तयार नसताना नुसतं हाकलणं म्हणजे बुडण्याचा धोका वाढवणं, एवढं मी छातीठोक सांगू शकते. ऑगस्ट 2022 च्या पावसात या खोऱ्यात दोन जण पुराच्या पाण्यात गेले. त्या वेळी लिंक हॉटेलच्या पार्किंगमधून पाणी वाहतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी हसत हसत फॉरवर्ड केले. ते पार्किंग फ्लेमिंगो वॉश नावाच्या जुन्या ओढ्याच्या वाटेवरच आहे, दर मोठ्या पावसात तिथे हीच तऱ्हा.

कॅसिनोंना सगळं माहीत असतं. आतले बरेच लोक उदरनिर्वाहासाठी वरच जातात. स्लॉट मशीनवर कोणी विसरून गेलेली शिल्लक शोधत फिरणं हा त्यांच्यातला जुना उद्योग. पूर्वी ट्रेमध्ये नाणी राहायची, आता कागदी व्हाउचर असतात. सुरक्षारक्षकाने ओळखलं की बाहेर. काही जण चक्क नोकरी करतात. हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासून पहाटे बॉक्समध्ये झोपायला येणारा एक मुलगा मला भेटलाय. भाडं भरता येईल एवढा पगार होता त्याला, पण सुरुवातीच्या डिपॉझिटसाठी एकरकमी पैसे कधी साठायचेच नाहीत.

राहता राहिला आकडा. बातम्यांत हजार ते पंधराशे असं फिरतं. तो अंदाजच समजा. सरकारी मोजणी जानेवारीच्या शेवटी एका रात्रीत होते. 2024 मध्ये अख्ख्या देशात त्या एका रात्री 7,71,480 बेघर मोजले गेले. पण अंधारात बॅटरी मारून "कोणी आहे का?" विचारल्यावर किती जण ओ देतील, तुम्हीच सांगा.

---

हडसनकाठ:

न्यूयॉर्कमधून +१. इथे रिव्हरसाइड पार्कच्या खाली रेल्वेचा बोगदा आहे, 1930 च्या दशकात रुळांवर छप्पर घालून वर बाग केली. मालगाड्या बंद पडल्यावर 1980 च्या दशकात आत वस्ती झाली, पत्र्याच्या आणि प्लायवुडच्या खोल्या. 1991 मध्ये अ‍ॅमट्रॅकच्या (प्रवासी रेल्वे कंपनी) गाड्या सुरू झाल्या आणि हटवाहटवी चालू झाली. नुसत्या हटवण्याने फारसं साधलं नाही. नव्वदीच्या मध्याला केंद्र सरकारने भाड्याची व्हाउचर दिली तेव्हा बऱ्याच जणांना खरी घरं मिळाली.

आणि ते "जमिनीखाली सात मजली नगरी, त्यांचा स्वतःचा महापौर" वगैरे किस्से ऐकाल तर मिठाची चिमूट जवळ ठेवा. बोगद्यात माणसं होती, नगरी नव्हती.

---

खुशालचेंडू:

माहिती उत्तम आहे, मान्य. पण नशेचा मुद्दा तुम्ही सगळ्यांनी सफाईदारपणे टाळलात. फुकट खोली दिली की माणूस नशा सोडतो का?

---

काँक्रीटची_नदी:

टाळत नाही. आत नशा भरपूर आहे. मेथ आहे, फेंटानिल आहे. सुया पडलेल्या असतात म्हणून आम्ही जाड तळव्याचे बूट घालतो. काही जण नशेमुळे खाली आले, काही जण खाली आल्यावर अंधार आणि पाठदुखी सोसायला नशेला लागले. कोण कोणत्या गटात हे बाहेरून कळत नाही.

खोलीचं म्हणाल तर "आधी सुधार, मग घर देतो" ही जुनी पद्धत. न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून पाथवेज टू हाउसिंग या संस्थेने ते उलटं केलं. आधी घर, मग उपचार, आणि उपचाराची सक्ती नाही. फिनलंडने 2008 पासून तेच राष्ट्रीय धोरण केलं. नशा सगळ्यांची सुटत नाही, पण बहुतेक लोक त्या घरात टिकून राहतात. माझ्यासारखीला तेवढं पुरे, कारण घरातला माणूस बॉक्समध्ये नसतो.

इथे शाइन अ लाइट नावाची संस्था 2009 पासून बोगद्यांत जाते. एकेकाळी स्वतः आत राहिलेली माणसं तिच्यात आहेत, त्यामुळे त्यांना कुठे हाक मारायची आणि कुठे गप्प राहायचं हे कळतं. पाणी, मोजे, बॅटऱ्या, ओव्हरडोसवरचं नॅलोक्सोन घेऊन जातात. माणूस पहिल्यांदा नाही म्हणतो. दहाव्यांदा पण नाही म्हणतो. ते जात राहतात.

एक बारीक गोष्ट सांगते, जी बाहेर कोणाला सुचत नाही. खोली, नोकरी, उपचार, काहीही मिळवायला ओळखपत्र लागतं. पूर आला की पहिली जाते ती कागदपत्रांची पिशवी. मग जन्मदाखला मागवा, तो पाठवायला पत्ता हवा, पत्ता नाही. तो येईपर्यंत रांगेतला नंबर गेलेला असतो. ते खडूवाले गृहस्थ सगळे कागद झिपच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत गळ्यात अडकवायचे, झोपतानासुद्धा. संस्थेच्या मदतीने त्यांना खोली मिळाली असं मला पुढच्या हंगामात कळलं. त्यांच्या जागेवर तेव्हा दुसरं कोणी होतं.

पायवाट, तुम्ही पुन्हा आलात तर व्हिडिओ काढायला आत शिरू नका, एवढंच सांगणं. एक तर ते कोणाचं तरी घर आहे. दुसरं म्हणजे तुम्हाला रेड रॉकवरचे ढग ओळखता येत नाहीत. आमचीसुद्धा माणसं वायूमापक घेऊन, बाहेर दोन जण रडार बघत बसलेले असतील तरच उतरतात.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्याआधीची पाहणी सुरू होतेय, तेव्हा इकडे फिरकणं होणार नाही. कोणाला काही विचारायचं असेल तर टाकून ठेवा, रविवारी बघते.